उरलेली टोपी

देशाचा दुखवटा सात दिवसांचा होता. आमच्या घरचा तेरा दिवसांचा असतो. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाच महिने चालला आणि तो लांबला माझ्यामुळे. ही गोष्ट मी घरात कुणाला सांगितलेली नाही. एकट्या आबांना सांगितली, तीही चालत्या बसमध्ये, त्यांचं तोंड खिडकीकडे असताना.

डिसेंबर संपत आला होता. जळगावला मी ज्या शाळेत शिकवते तिथं गॅदरिंगची घाई चालली होती. चौथीच्या मुलींचे भाड्याने आणलेले घागरे माझ्याच कपाटात कोंबलेले होते. एका रात्री टीव्हीवर खाली पट्टी धावू लागली आणि सकाळी मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की सात दिवस गाणी नाहीत, नाच नाहीत, स्पीकर नाही. गेलेला माणूस फार मोठा होता. त्यांचं नाव लिहायची गरज नाही, तेव्हा ते प्रत्येकाच्या तोंडी होतं. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी आठवले ते घागरे.

वर्षअखेरीला उरलेल्या किरकोळ रजा बुडतात. माझ्या चार उरल्या होत्या. गॅदरिंग पुढे गेलंच होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि गावी निघाले. आमचं गाव एरंडोलपासून जवळ आहे. तिथं माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि आबा राहतात. आई श्रावणात गेली.

आबांचा जन्म विहिरीवरच्या मोटारी भरण्यात गेला. मोटार जळाली की आतली जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरावी लागते आणि ती भरताना वेढे मोजावे लागतात. एखादा वेढा चुकला तर मोटार आठ दिवसांत पुन्हा जळते आणि शेतकरी दारात येऊन उभा राहतो. या कामानं आबांना मोजायची खोड लागली. जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या भाकरी, लग्नातल्या पंगती, सगळं ते ओठ हलवत मोजत. आई चिडवायची, मी घातलेल्या शिव्याबी मोजतस का तुमी? आबा गंभीर तोंडानं म्हणायचे, "आज अकरा व्हयन्यात."

आई तापाचं निमित्त होऊन तीन दिवसांत गेली. अंगणात तिरडी बांधायला घेतली तेव्हा सुतळीचं बंडल आबांनी स्वतःच्या हातात घेतलं. मी दारात उभी होते. बांबूला ते वेढे देत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. डोळे कोरडे होते. त्रेपन्न वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला बांधताना हा माणूस मोजतोय, हे मी बघितलं आणि त्या क्षणी आबा माझ्या मनातून उतरले. पुढचे बारा दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. रडून रडून माझा आवाज बसला होता आणि ते आलेल्यागेलेल्याला बसायला सतरंजी टाकत होते.

आमच्याकडे तेराव्या दिवशी गंधमुक्ती असते. खान्देशाबाहेरच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागतो. माणूस गेलं की घरचे पुरुष कपाळाला गंध लावत नाहीत, घरात फोडणी देत नाहीत, गादीवर झोपत नाहीत. तेराव्याला सोयरे येतात. घरच्या पुरुषांना पाटांवर ओळीनं बसवतात, कपाळाला गंध लावतात, डोक्यावर नवी टोपी घालतात. तिथून पुढे माणूस सुटला. त्यानं खावं, कामाला लागावं, लग्नाकार्याला जावं. आपलं आपण सुटता येत नाही, दुसऱ्यानं सोडावं लागतं. आईच्या वेळी हा मान धुळ्याच्या मामांचा होता. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. ऐंशीच्या घरातले, एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, पण काठी टेकत आले होते. टोप्यांची पिशवी त्यांच्या सुनेच्या हातात होती.

अंगणात पाट मांडले गेले. भाऊ बसला, चुलतभाऊ बसले. आबा हातपाय धुऊन, पंच्यानं तोंड पुसत पाटाकडे निघाले. आता यांच्या कपाळाला गंध लागेल, नवी टोपी येईल आणि उद्या हे दुकान उघडून मोटारीपुढे बसतील, असं माझ्या मनात आलं आणि माझ्या अंगाचा भडका उडाला. मी पुढे होऊन म्हटलं, "आबा, पाण्याचे जार अजून आले नाहीत. पंगत बसायची वेळ झाली. रस्त्यावर जाऊन टेम्पो बघता का?"

जार केव्हाच आले होते. मंडपाच्या मागे, माझ्या पाठीशीच रचलेले होते. आणि नसते आले तरी बघायला माझा नवरा होता, भाचे होते. आबा माझ्याकडे बघत उभे राहिले, मग पंचा खांद्यावर टाकून फाटकाबाहेर गेले.

मामा ओळीनं गंध लावत गेले. एक पाट रिकामा होता, त्यांना दिसला नाही. शेवटी मान वर करून त्यांनी बायकांच्या बाजूला विचारलं, "बठ्ठा व्हयनात का?"

मी म्हटलं, "व्हयनात." सगळे झाले.

इतकंच. लोक उठले, पंगत बसली, वाढपी धावू लागले. आबा परत आले तेव्हा पाट उचललेले होते. त्यांच्या डोक्यावर त्यांची जुनी टोपी होतीच आणि पंगतीच्या गडबडीत कपाळाकडे कुणी बघितलं नाही, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मला वाटलं, घेतील नंतर लावून. मग जळगावला आले, शाळा सुरू झाली आणि मी ते विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते, त्यावर काहीतरी टाकून झाकून ठेवलं होतं.

तर डिसेंबरात मी गावी पोचले तेव्हा आबा टीव्हीपुढे खाली चटईवर बसलेले होते. दुकानाचं शटर ओढलेलं. त्यांच्या शेजारी आईची खाट, तिच्यावर आईची गोधडी घडी घालून ठेवलेली. वहिनीनं दोनदा ती खाट उचलायला काढली होती, आबांनी उचलू दिली नाही. टीव्हीवर रांगा, फुलं, बंदुका खाली केलेले जवान, अर्ध्यावर आणलेला झेंडा. आबा पापणी न लववता बघत होते. जेवायला उठवलं तर म्हणाले, देशाला दुखवटा शे, फोडनी नको.

माझं डोकं सणकलं. बायको गेली तेव्हा यांना भूक लागत होती आणि जो माणूस यांना नावानं ओळखत नव्हता त्याच्यासाठी हे फोडणी सोडणार! मी वहिनीजवळ बरंच काही बोलले. वहिनी पीठ मळत राहिली.

ते पाच दिवस त्या घरात मला सारखं वाटत राहिलं की कुणीतरी आत्ता इथून उठून गेलंय. दुपारी चुलीकडच्या दारातून वारा आला की आईच्या पातळाचा वास येई. ती विडी वळणाऱ्या बायकांसारखी सतत काहीतरी गुणगुणे, ते गुणगुणणं मला भांडी घासताना ऐकू यायचं आणि नळ बंद केला की थांबायचं. आणि आबा. टीव्हीवर गर्दी दाखवली की ते मान वळवून खाटेकडे बघायचे, कुणाला तरी 'देखं का?' विचारावं तसे. थोडं थांबायचे आणि पुन्हा पडद्याकडे वळायचे. दोन दिवसांनी मीही त्यांच्याबरोबर खाटेकडे बघू लागले. मला भीती वाटली.

एकदा ते आपण होऊन बोलले. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी आई आणि ते याच नेत्याची सभा ऐकायला धुळ्याला गेले होते. गर्दीत आईची एक चप्पल गेली. मामांचं घर दोन-अडीच मैल लांब. आई अनवाणी चालू लागली तेव्हा आबांनी आपल्याही चपला काढून हातात घेतल्या. "बठ्ठा लोके हसेत," ते म्हणाले. सभेत काय भाषण झालं ते त्यांना आठवत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी मी परत निघणार होते. गॅदरिंग दोन दिवसांवर आलं होतं. टीव्ही लावला तर सगळं बदललेलं. झेंडा पुन्हा काठीच्या टोकाला. मसाल्याची जाहिरात लागली, तिच्यात बायको नवऱ्याला वाढताना गाणं म्हणत होती. बाहेर रस्त्यावरून कुणाच्या तरी हळदीची गाडी मोठ्यानं गाणी लावून गेली. सात दिवस दाबून धरलेला आवाज एकदम सुटला होता. वहिनीनं आतून मोहरी तडतडवली आणि घरभर लसणाचा वास सुटला.

आबांनी विचारलं, "त्यासना दुखवटा कोनी सोडा?"

"सरकारनी, आबा. सात दिवस झाले ना."

"कोनी तरी सांगं व्हई ना, की आते सुटनात?"

"हो, तसा कागद निघतो."

"बरं शे," आबा म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, मोटार भरून झाली म्हणावं तसं म्हणाले, "माले कोनी सोडं नही."

मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. माझ्या आठवणीतले आबा रोज आंघोळीनंतर, दुकानात जायच्या आधी, कपाळाच्या मधोमध अष्टगंधाचा टिळा लावायचे. त्याशिवाय तारेला हात लावत नसत. ते कपाळ आता कोरडं होतं. किती दिवस कोरडं होतं?

मी आत गेले. वहिनी जळगावात वाढलेली, स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "अक्का, तुम्ही एवढं बोललात म्हणून सांगते. आबांनी फोडणीचं आज सोडलेलं नाही. आई गेल्यापासून खात नाहीत. त्यांचं वरण मी आधीच वाटीत काढून ठेवते. आम्हाला सांगितलं, पित्त होतं. गादीवर झोपत नाहीत, सांगितलं, पाठ दुखते. दिवाळीला कपडे आणले, ते तसेच घडीत आहेत."

दिवाळीला मी आले होते. दोन दिवस राहिले होते. त्यांना ओवाळताना कुंकू लावायला गेले तर त्यांनी मान मागे घेतली होती, आणि मी मनात म्हटलं होतं, किती हा ताठा.

मी मोबाइल काढला. घरच्या ग्रुपवर तेराव्या दिवसाचा फोटो होता. अंगण, ओळीनं बसलेले पुरुष, कपाळावर ओलं गंध, डोक्यावर करकरीत टोप्या. आणि भावाच्या शेजारी एक रिकामा पाट. पाच महिने तो फोटो तीसेक माणसांच्या खिशात होता. कुणाला तो पाट दिसला नव्हता, आणि मी तर तो फोटो उघडलाच नव्हता. मी तिथंच फरशीवर बसले.

बाहेर येऊन आबांना म्हटलं, "बोलायचं ना. कुणालाही सांगितलं असतं तर..."

"मागीसन का गंध लावतस?" आबा म्हणाले.

मी मोठ्या बाईंना फोन केला, आज येत नाही, नव्या वर्षातली रजा धरा. बाई चिडल्या. मामांना फोन केला तर सुनेनं उचलला. मामा महिन्यापूर्वी घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलेलं, अंथरुणात होते. येणं शक्य नव्हतं. मग मी आबांना म्हटलं, चला धुळ्याला. वाटलं, नाही म्हणतील. ते उठले आणि पंचा घेऊन आंघोळीला गेले.

पारोळ्यावरून धुळ्याला जाणारी बस धरली. बस भरलेली होती. पुढच्या बाकावर दोन माणसं कापसाचा भाव काढून भांडत होती, मागे एक बाई फोनवर सुनेला भाजीत मीठ किती ते सांगत होती. आठवडाभर त्याच लोकांनी त्या मोठ्या माणसाबद्दल हळू आवाजात बोलून घेतलं असणार. आता प्रत्येकाला आपापलं काम आठवलं होतं. मला कुणाचा राग आला नाही. धुळ्यात शिरताना एका सरकारी इमारतीवरचा झेंडा पूर्ण उंचीवर फडकताना दिसला. आबांनी तो जाईपर्यंत मान वळवून बघितला.

मामा पलंगावर उशांना टेकून बसलेले होते. मी त्यांना कसंबसं सांगितलं की त्या दिवशी आबांचं गंध राहून गेलं. मामांचा चेहरा पांढरा पडला. "चूक मनी शे, दाजी," ते म्हणाले. "मोतीबिंदू व्हता तवय, दिखे नही. पाच महिना तुमले बसाडी ठेवं मी." त्यांनी आबांपुढे हात जोडले. ऐंशी वर्षांचा म्हातारा माझ्या खोटेपणाची माफी मागत होता आणि मी भिंतीला टेकून उभी होते. तो क्षण आठवला की आजही मला स्वतःची किळस येते.

मामांची सून कपाटातून एक कागदी पिशवी घेऊन आली. म्हणाली, "तेव्हा एक टोपी उरली होती. मला वाटलं, जास्तीची मोजली." पिशवीत टोपी जशीच्या तशी होती, दुकानाची चिठ्ठी अजून टाचणीनं लावलेली.

पाट मांडला. आबा बसले. मामांना पलंगावरून वाकता येईना, म्हणून सुनेनं त्यांना पाठीमागून धरलं. टिळा भुवईपर्यंत ओघळला. मग टोपी. "सुटनात दाजी तुमी," मामा म्हणाले. "आते खा."

जेवायला शेवभाजी केली होती, तर्री वर आलेली. आबांनी पाच महिन्यांनी तिखटाचा पहिला घास घेतला आणि त्यांना ठसका लागला. नाक, डोळे गळायला लागले. मामा हसले, सून हसली, पाणी द्या म्हणाले. आबांनी पाणी घेतलं नाही. ते खात राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं, पंच्यानं पुसलं तरी थांबेना. हळूहळू सगळे हसायचे थांबले. मी पोळी आणायचं निमित्त करून आत गेले.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. पारोळा मागे पडलं. एरंडोल यायला अर्धा तास होता, आणि मला माहीत होतं की आज बोलले नाही तर जन्मात बोलणार नाही.

"आबा," मी म्हटलं, "तवय पानीना जार आधीच येल व्हतात. मी मुद्दाम धाडं तुमले. मामानी इचारं, बठ्ठा व्हयनात का, तं मीच हो सांगं."

आबा बाहेर बघत होते. केळीच्या बागा, मग कपाशीच्या उभ्या काड्या, मग पुन्हा केळी.

"अठरा जार व्हतात," ते म्हणाले. "मीच मोजीसन उतारी लिधा व्हतात."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा म्हटलं, "मंग गयात कसाले?"

"माले बी सुटानं नव्हतं, बेटा."

ते माझ्याकडे वळले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं की त्या दिवशी रस्त्याच्या कडेला, पिंपळाखाली, ते पंगत बसेपर्यंत उभे होते. मामांचा आवाज तिथवर ऐकू आला होता. माझाही. तिरडीला एकतीस वेढे दिले होते, तेही त्यांनी सांगितलं. मधे हात थांबला असता तर बांधणं जमलं नसतं, म्हणून मोजत होते. मी त्यांचा हात धरला. तारेनं चिरलेली, कडक झालेली बोटं. लहानपणानंतर मी ती कधी धरली नव्हती.

एरंडोलचा फाटा दिसू लागला तसे ते सीटची दांडी धरून उठले. नवी टोपी सारखी केली. कपाळावरचं गंध वाळून त्याचे पापुद्रे सुटायला लागले होते. मला म्हणाले, अगदी कामाचं बोलावं तसं, "घर जाईसन तुनी मायनी खाट उचली ठेवसूत. वैनीले जागा पुरत नही."

पाच महिने मी ज्या माणसावर रागावले होते, तो आईला लवकर विसरला म्हणून, तो आता रीतसर सुटून, टोपी घालून, दारापाशी उभा होता. कंडक्टरनं घंटी मारली. माझा हात त्यांच्या सदऱ्याला होता.

"ऱ्हाऊ द्या आबा," मी म्हटलं. "थोडा दिन ऱ्हाऊ द्या."